ओट्यापेक्षा उंच

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे धुरावर बोलण्याची टूम निघते. फटाके वाजवावेत की नाही, वाजवलेच तर रात्री किती वाजेपर्यंत, फुलबाजीला फटाका म्हणावे की दिवा म्हणावे – चर्चा अशी रंगते की कढईतल्या चकल्या करपून जातात. या चर्चेला माझी हरकत नाही. परंतु फटाक्यांचा धूर हा चार दिवसांचा पाहुणा. जो धूर बारा महिने आपल्याकडे मुक्कामाला असतो, खिडकीच्या गजांवर बसतो, दोरीवरच्या धुतल्या साडीवर उतरतो, त्याचे नाव दिवाळीत कोणी काढत नाही. तो मोटारींचा धूर. त्यातली काजळी निदान बोटाला लागते तरी. कार्बन डायॉक्साइड नावाचा जो वायू तिच्याबरोबर निघतो, तो ना दिसतो ना वास देतो. पृथ्वी तापवण्याचे आपले काम तो गुपचूप करीत राहतो.

त्याचा हिशेब आमच्या चिरंजीवांनी मला एकदा कागदावर मांडून दाखवला. एक लिटर पेट्रोल वजनाला साधारण पाऊण किलो. ते जाळले की निघणारा कार्बन डायॉक्साइड मात्र भरतो सव्वादोन किलोहून थोडा अधिक. “पाऊण किलोचे सव्वादोन किलो? हे काय दुधात पाणी घातल्यासारखे झाले?” असे मी विचारले. तेव्हा कळले की पेट्रोलमधला कर्ब जळताना हवेतला प्राणवायू ओढून घेतो, आणि वाढीव वजन त्या प्राणवायूचे. असो. शहरातल्या गर्दीत मोटार लिटरला बारा किलोमीटर चालते असे धरा. एकटा गृहस्थ तीत बसून दहा किलोमीटरवरच्या कचेरीत गेला की दोन किलोला थोडा कमी एवढा वायू वाटेत सांडून गेला. आता डिझेलची मोठी बस घ्या. ती लिटरला तीनच किलोमीटर चालते असे धरले आणि तिच्यात चाळीस माणसे असली, तर तेवढ्याच अंतराला माणशी वाटा येतो सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मोटारीच्या आठव्या हिश्शाहूनही थोडा कमीच. आणि ही झाली खोकत चालणारी डिझेलची बस. विजेची तर गोष्टच निराळी.

तेव्हा धूर कमी करायचा तर माणसांनी मोटारीतून उतरून बसमध्ये चढावे, हे सांगायला कोणी पंडित नको. आमच्या वाड्यातला शाळकरी मुलगासुद्धा निबंधात हेच लिहितो आणि दहापैकी आठ गुण मिळवतो. अडचण एवढीच आहे की ‘चढावे’ हे क्रियापद लिहायला जितके सोपे, तितके करायला सोपे नाही. मला आज त्या एका क्रियापदावरच लिहायचे आहे.

धुरावाचून चालणाऱ्या गाड्यांचे आमच्या मुंबईला तसे नवल नाही. १८७४ साली इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली ती विजेवर धावू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेची पहिली आगगाडी गेली. १९६२ पासून १९७१ पर्यंत डोक्यावरच्या तारांतून वीज घेणाऱ्या ट्रॉलीबसही इथल्या रस्त्यांवर होत्या. ट्रामचा शेवटचा फेरा ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आला. त्या रात्री लोक दुतर्फा निरोप द्यायला उभे होते, असे आमचे सासरे सांगत. रूळ उखडले, रस्ता मोकळा झाला, आणि मोकळा झालेला रस्ता मोटारींनी भरून काढला.

आता पुन्हा विजेचे दिवस आले आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत विजेची दुमजली बस मुंबईत धावू लागली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला डिझेलच्या जुन्या दुमजली बसने हार घालून घेऊन निरोप घेतला. विजेच्या बसला धूर नाही हे खरे, पण आपल्या राज्याची पुष्कळशी वीज अजून कोळशावरच होते. म्हणजे दादरचा धूर चंद्रपूरला आणि कोराडीला नेऊन सोडायचा, हाही व्यवहार त्यात आहे. तरीही विजेची मोटर इंधन वाया फार कमी घालवते, आणि वीज उद्या उन्हापासून आणि वाऱ्यापासून अधिक मिळू लागली की तीच बस आपोआप अधिक स्वच्छ होते. डिझेलच्या बसला ती सवलत नाही. तेव्हा विजेच्या बसला माझा नमस्कारच आहे. फक्त तिच्या संख्येकडे आणि तिच्या दाराकडेही कोणी पाहावे. २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. २०२५ साली कंत्राटदारांच्या भाड्याच्या गाड्या धरूनही तो आकडा तीन हजारांच्या आत आला होता. घरात माणसे वाढली आणि ताटे कमी झाली, त्यातला प्रकार.

आमच्या घरात हा विषय निघाला तो काही पृथ्वीच्या तापमानावरून नव्हे, सासूबाईंच्या गुडघ्यांवरून.

सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. पंचाहत्तरीपर्यंत त्यांनी अर्धी मुंबई एकटीने पालथी घातली. मंगळवारी लालबागला धाकट्या बहिणीकडे, गुरुवारी माटुंग्याला भजनाला, महिन्या-दोन महिन्यांनी शीवला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. कापडी पिशवी, तिच्यात चष्मा, रुमाल, सुटे पैसे आणि एक सफरचंद. (सफरचंद कशाला, असे मी एकदा विचारले होते. “गाडी उशिरा आली तर,” असे उत्तर मिळाले.) नंतर हे जाणे हळूहळू कमी झाले. ते कमी होत असताना आम्हां कोणालाच ते कळले नाही, कारण प्रत्येक वेळी काही तरी रास्त कारण असे. लालबागला काय, फोनवर बोलणे होतेच की. भजनात आता आवाज लागत नाही. डोळ्यांचे थेंब चालू आहेत, पुढच्या महिन्यात जाईन. असे करता करता त्या गच्चीपुरत्या आणि वाण्याच्या दुकानापुरत्या उरल्या. आम्ही म्हटले, वय झाले.

खरे कारण त्यांनी श्रावणात, शेंगदाणे सोलता सोलता सांगितले. एके दिवशी बसची पायरी चढताना एक पाय वर आणि एक रस्त्यावर असताना गाडी हलली. पडल्या नाहीत, आतल्या एका मुलीने दंड धरून वर ओढले. कोणती गाडी, कुठला ड्रायव्हर, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. “चूक त्याची नव्हे गं,” एवढेच म्हणाल्या. “मागून दहा गाड्या भोंगे वाजवीत होत्या. आणि पायरी तरी किती उंच! मला वाटले, मीच बुटकी झाले.”

हे ऐकल्यावर आमच्या घरातल्या पुरुषमंडळींची मसलत बसली आणि ठरले की यंदा पाडव्याच्या मुहूर्तावर मोटार घ्यायची. आईला हवे तिथे नेता येईल. चिरंजीवांनी हप्त्यांचे कोष्टक मांडले. ह्यांनी रंग कोणता यावर विचार सुरू केला. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“मंगळवारी मला लालबागला कोण नेणार?”

मंगळवारी सगळेच कचेरीत. तेव्हा चिरंजीव म्हणाले, “आजी, रविवारी नेऊ ना!”

“रविवारी तिच्याकडे तिचे लेक-जावई येतात. आम्हांला बोलायला मंगळवारच बरा पडतो. आणि मी काय पार्सल आहे का, सुटीच्या दिवशी घरपोच करायला?”

मसलत तिथेच उठली. पण माझ्या मनातून ‘मीच बुटकी झाले’ हे वाक्य जाईना. म्हणून एका दुपारी शिवणाच्या मशीनच्या खणातली टेप पर्समध्ये टाकून मी जवळच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर गेले. तिथे गाड्या रिकाम्या उभ्या असतात. एका छोट्या गाडीची पहिली पायरी रस्त्यापासून मोजली: सोळा इंच. कंडक्टर चहा पीत उभा होता. तो म्हणाला, “ताई, गाडीला परकर शिवताय काय?” मी त्याला कारण सांगितले. तेव्हा त्याने कप खाली ठेवला, टेपचे दुसरे टोक स्वतः धरले आणि वरच्या दोन पायऱ्याही मोजून दिल्या. त्याची आई म्हणे गावाहून आली की रिक्षानेच फिरते. “आपल्याच लेकाच्या गाडीत चढता येत नाही तिला,” असे तो हसत म्हणाला. पण ते हसण्यासारखे नव्हते.

घरी येऊन चिरंजीवांकडून चौकशी केली तेव्हा कळले की शहरातल्या बसच्या आतल्या तळाची उंची आपल्या देशात मुख्यतः तीन मापांची असते. साधी बस ९०० मिलिमीटर, तिच्याहून बुटकी ६५० आणि जिला लो-फ्लोअर म्हणतात ती ४००. आकडे वाचून मला काही बोध होईना, म्हणून पुन्हा टेप काढली. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा जमिनीपासून तेहतीस इंच आहे. तुमचाही त्याच्याच आगेमागे असेल. आणि ९०० मिलिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच! वाचकहो, मुंबईतली आजी रोज बसमध्ये चढते म्हणजे काय करते, तर तीन पायऱ्यांत स्वतःच्या ओट्याहून उंच जागी चढते. तेही मागून लोक ढकलीत असताना, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात दांडा धरून. सुनेने जर सासूला रोज दोनदा ओट्यावर चढायला लावले, तर आळीत काय बोभाटा होईल याची कल्पना करा. ६५० मिलिमीटर म्हणजे साडेपंचवीस इंच. आणि ४०० म्हणजे पावणेसोळा. आमच्या बाहेरच्या दिवाणाहूनही दोन इंच खाली. त्यात थांब्यापाशी फूटपाथ सहा इंच उंच असला आणि गाडी त्याला अगदी लागून उभी राहिली तर उरले जेमतेम दहा इंच. पुष्कळ लो-फ्लोअर गाड्यांना हवेच्या दाबाने दाराच्या बाजूला वाकण्याची सोयही असते. नमस्काराला वाकावे तशी गाडी वाकते आणि आणखी दोन-अडीच इंच वाचतात. मग एक फळी टाकली की चाकाची खुर्चीसुद्धा आत जाते. आतमध्ये पायरीच नाही.

सासूबाईंना मी हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी सगळे ऐकून विचारले, “मग हे त्यांना आधी नव्हते का ठाऊक?”

ठाऊक होते. ही मापे सरकारच्या कागदावर आहेत. अपंगांच्या हक्कांचा कायदा आपल्याकडे १९९५ साली झाला, त्याहून व्यापक असा दुसरा २०१६ साली झाला, आणि वाहने सर्वांना वापरता येतील अशी असावीत हे दोन्हींत सांगितले आहे. पण पायरी मोठी चिवट. तिचे एक कारण मला असे दिसते की तिच्याविरुद्ध तक्रार नोंदलीच जात नाही. बसच्या कारभाऱ्यांपाशी हिशेब असतो तिकिटांचा. कोणत्या मार्गावर किती तिकिटे फाटली हे त्यांना कळते. ज्या बाईने पायरीकडे पाहून परत घराची वाट धरली, तिने तिकीट काढलेच नाही. तिची नोंद कोणत्या वहीत होणार? ती रिक्षाच्या वहीत होते, टॅक्सीच्या वहीत होते, किंवा आमच्यासारख्यांच्या घरी मोटारीच्या हप्त्यांच्या कोष्टकात होते. नाहीतर कुठेच होत नाही, आणि लोक म्हणतात वय झाले.

म्हणूनच धुराचा प्रश्न आणि म्हातारीच्या गुडघ्याचा प्रश्न हे मला निरनिराळे वाटत नाहीत. सभांमधून मात्र ते निराळ्या व्यासपीठांवर मांडले जातात. एकीकडे बॅटरी किती किलोमीटर चालते यावर भाषण, दुसरीकडे अपंगांसाठी मदतनिधी. बसची ती पायरी मधल्या मध्ये राहून जाते.

दोष गुडघ्यांचा नव्हे याचा पुरावा आम्हांला घरबसल्या मिळाला. भुयारातली तिसरी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर लांबी, सत्तावीस स्थानके, खर्च सदतीस हजार कोटींच्या वर. तिचे एक स्थानक दादरला आहे आणि एक गिरगावात. सासूबाईंची नणंद गिरगावात असते. दोघींची भेट तीन वर्षांत लग्नकार्याखेरीज झाली नव्हती. त्यांना आम्ही लिफ्टने खाली नेले. गाडी आली, दार उघडले, आणि फलाट आणि गाडी अशी एका पातळीत की माजघरातून ओसरीवर यावे तशा त्या आत गेल्या. गुडघे तेच, वय तेच, बाई तीच! येताना त्या एकट्या आल्या. आम्हांला न सांगता. रागावायचे होते, पण त्यांचा चेहरा पाहून कोणी रागावले नाही.

परंतु माणसाचे सगे काही मेट्रोच्या रेषेवर ओळीने राहत नाहीत. बहीण लालबागला, डॉक्टर शीवला, भजन माटुंग्याला. तिथे बसच हवी. आणि हजारो कोटींची भुयारे गल्लोगल्ली खणता येणार नाहीत. बस मात्र गल्लीच्या तोंडाशी येते, आणि नव्या गाड्या घ्यायच्याच आहेत तर बुटक्या घेणे हे भुयार खणण्याइतके अवघड नक्कीच नाही.

हे असे घडलेले नाही असेही नाही. अमेरिकेत डेन्व्हर नावाचे शहर आहे. तिथल्या बसगाड्यांत चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला चढण्याची सोय नव्हती. ५ जुलै १९७८ ला एकोणीस अपंग माणसे आपापल्या खुर्च्यांसह भर चौकात दोन बसगाड्यांच्या पुढेमागे जाऊन बसली आणि रात्रभर तिथेच राहिली. पोलिसांचीही पंचाईत, कारण त्यांना पकडून न्यायचे तर पोलिसांच्या गाडीतही चढवता येईना. पुढे त्या शहराच्या बसगाड्यांना खुर्ची उचलून घेणारी यंत्रे बसली आणि १९९० साली त्या देशाने त्याचा सर्व देशापुरता कायदा केला. लंडनमध्ये पहिल्या लो-फ्लोअर बसगाड्या १९९४ साली आल्या आणि २००५ च्या अखेरीस, हौसेखातर ठेवलेल्या थोड्या जुन्या गाड्या सोडल्या तर, सगळा ताफा बदलून झाला. बारा वर्षे, एका मुलाची शाळा होते तेवढा काळ. गंमत अशी की या बदलाचा फायदा चाकाच्या खुर्चीवाल्यांइतकाच बाबागाडी ढकलणाऱ्या आयांना झाला. बाबागाडी घडी करून काखेत आणि मूल कडेवर, ही कसरत संपली. आपल्याकडे तर कडेवर मूल, हातात भाजीची पिशवी आणि खांद्यावर शाळेचे दप्तर असलेली बाई प्रत्येक थांब्यावर उभी असते. तिला कोणी अपंग म्हणत नाही, पण पायरीला तो फरक कळत नाही.

आपल्याकडेही चांगल्या गोष्टी नाहीत असे नव्हे. लोकलच्या फलाटावर एका ठरावीक जागी सारखा टीं-टीं आवाज येत असतो. कित्येक वर्षे मला ते एखादे बिघडलेले यंत्र वाटे. एकदा एका अंध गृहस्थांना त्या आवाजाच्या रोखाने सरळ चालत जाताना पाहिले, तेव्हा उमगले की राखीव डबा तिथे थांबतो हे सांगणारा तो आवाज आहे. केवढीशी ती गोष्ट, आणि एक माणूस कोणाचा हात न धरता कामाला जातो.

भाड्याचाही विचार करायला हवा. मुंबईत बसचे कमीत कमी भाडे जुलै २०१९ मध्ये पाच रुपये झाले होते, ते मे २०२५ मध्ये दहा झाले. दहा रुपये आपल्याला विशेष वाटत नाहीत. आमच्याकडे धुणेभांड्यांना येणाऱ्या बाईंना दोन गाड्या बदलून जायचे तर चार वेळा दहा होतात. त्या आता एक टप्पा चालत येतात. दिल्लीने २०१९ साली २९ ऑक्टोबरपासून बायकांना बसचा प्रवास मोफत केला. तो दिवस नेमका भाऊबीजेचा होता. सरकारची ओवाळणी म्हणून गुलाबी तिकीट! आपल्या एस.टी.ने २०२२ साली पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्ध्या तिकिटात नेण्यास सुरुवात केली, तेव्हा बायका माहेरची वाट नव्याने चालू लागल्या हे मी स्वतः पाहिले आहे. मात्र सासूबाईंचे यावरचे मत निराळे आहे. त्या म्हणतात, “ओट्यावर चढायचे पैसे घेत नाहीत म्हणून मी काय रोज ओट्यावर चढू?”

आता राहिली मोटार. ह्यांचे म्हणणे असे की आपल्या एका मोटारीने मुंबईच्या धुरात काय भर पडणार आहे? हा युक्तिवाद मला उत्तम समजतो, कारण फराळाचा डबा रिकामा होतो तो प्रत्येकाने एकेकच लाडू घेतल्यामुळे. पण मी धुरावरून वाद घातलाच नाही. मी विचारले, मोटार ठेवणार कुठे? आमच्या इमारतीला आवार नाही. ह्यांनी खिडकीतून बोट दाखवले: गल्लीच्या तोंडाशी, फूटपाथला लागून, चार मोटारी उभ्या असतात तिथे पाचवी. ती जागा बसचा थांबा आहे.

त्या चार मोटारींमुळे बस फूटपाथपाशी येऊच शकत नाही. ती रस्त्याच्या मध्यावर थांबते. माणसांनी फूटपाथ उतरायचा, दोन मोटारींच्या फटीतून वाट काढायची, मागून येणारी स्कूटर चुकवायची आणि रस्त्यावरून गाडीत चढायचे. मघाशी मी जे सहा इंच फूटपाथचे म्हणून वजा केले होते, ते इथे पुन्हा जमेस येतात. सरकारने हवी तेवढी बुटकी बस आणावी, विजेची आणावी, वाकणारी आणावी. उभी मोटार तिची उंची सहा इंचांनी वाढवून ठेवते आणि ती फळी टाकायलाही जागा राहत नाही. म्हणजे आईला पायरी चढवत नाही म्हणून घेतलेली मोटार आम्ही नेमकी त्या पायरीखालीच नेऊन लावणार होतो. हे ऐकून हे थोडा वेळ गप्प बसले आणि मग वर्तमानपत्र वाचू लागले. इतक्या वर्षांच्या संसाराने मला त्या वाचण्याचा अर्थ कळतो. पाडव्याचा बेत तूर्त पुढे गेला आहे. गुढीपाडव्यापर्यंत की कायमचा, ते मी विचारलेले नाही.

मधल्या काळात सासूबाईंनी स्वस्थ बसायचे नाही असे ठरवले. आमच्या आणि समोरच्या इमारतीतल्या मिळून अकरा जणी त्यांनी गोळा केल्या; सगळ्यांत धाकटी बासष्ट वर्षांची. अर्ज मी लिहून दिला, पण मजकूर त्यांचा. मागण्या दोनच: थांब्यापुढे मोटारी उभ्या करू देऊ नयेत, आणि खचलेला फूटपाथ बसच्या लांबीइतका तरी नीट बांधून द्यावा. आणखी काय काय मागता येईल याची मी यादी सांगू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “दोनच असू दे. जास्त मागितले की पहिले विसरतात.” अर्ज घेऊन अकराही जणी संबंधित कचेरीत गेल्या. तिथे दुसरा मजला होता आणि लिफ्ट बंद होती. तेव्हा साहेबांना खाली यावे लागले. त्यामुळे अर्ज साहेबांनीच हातात घेतला, असे सासूबाई फार खुशीत सांगतात. पोच मिळाली आहे. थांब्यापुढे अजून काही घडलेले नाही. फक्त एका सकाळी कोणी तरी तिथे पांढऱ्या रंगाचे पट्टे मारून गेले आणि चारपैकी दोन मोटारी हलल्या.

दोन मोटारींची जागा म्हणजे अर्धी बस. पण पुढचे दार तेवढ्यात फूटपाथला लागते. लालबागच्या मार्गावर एक लो-फ्लोअर गाडी असते, ती सकाळी कधी येते याचा शोध सासूबाईंनी गच्चीवरून आठवडाभर ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरात मंगळवारच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीने ‘९.४०’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘बेसनाचे लाडू, दोन डबे’. दुसरा डबा कोणासाठी, असे मी विचारले.

“कंडक्टरसाठी,” त्या म्हणाल्या. “दिवाळीत तोही ड्यूटीवरच असेल.”